साहेबांचा क्लब आणि गावाची खोली

पुण्याच्या लष्कर भागात जनरल राजेंद्रसिंहजींच्या नावाची अधिकाऱ्यांची एक जुनी संस्था आहे. १ एप्रिल १९५५ रोजी ‘लष्करप्रमुख’ हे पद या नावाने अस्तित्वात आले, तेव्हा ते धारण करणारे पहिले अधिकारी हे राजेंद्रसिंहजी. मुंबईत कुलाब्याला युनायटेड सर्व्हिसेस क्लब आहे, दिल्लीत धौला कुआँला तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांची संस्था आहे. अशा ठिकाणच्या सभासदत्वाचा फायदा काय, असे बाहेरच्या माणसाला विचारले तर तो स्वस्त दारू, प्रवासात उतरायला स्वस्त खोली आणि पोरीच्या लग्नाला हिरवळीसकट हॉल ही उत्तरे देईल. ती खोटी नाहीत. पण एवढ्यासाठीच माणसे क्लबात जात असती, तर दारू महाग झाल्यावर आणि हॉटेले स्वस्त झाल्यावर हे क्लब ओस पडायला हवे होते. ते पडलेले नाहीत. सत्तरी ओलांडलेले निवृत्त कर्नल आणि ब्रिगेडियर वर्गणी वेळेवर भरून तिथे जातात, समितीच्या निवडणुकीत हिरिरीने भाग घेतात आणि वार्षिक सभेत हिशेबाच्या एकेका ओळीवर खुसपट काढतात. माझ्या मते क्लबाची खरी किंमत या खुसपट काढण्यात आहे, आणि ती सर्वांत चांगली समजू शकेल असा भाग म्हणजे जिथे असा एकही क्लब नाही तो सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका.

पाटणहून पुणे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. कराड-चिपळूण रस्त्यावरचे, कोयना आणि केरा यांच्या संगमावरचे हे गाव, आणि त्याच्या मागे मोरणा, तारळी, वांग यांच्या खोऱ्यांत डोंगराला चिकटलेली खेडी. पाऊस मोप, जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची, त्यात कोयना धरणाने घेतलेली गावे. घरात तीन भाऊ असतील तर शेतावर एकाचेच भागायचे. उरलेल्या दोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्या दोनच वाटा होत्या: एक फौजेची, दुसरी मुंबईची. सातारा जिल्ह्याची फौजेची परंपरा सांगताना अपशिंगे मिलिटरीचे नाव हटकून येते, आणि पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत याचे आकडे कोरलेल्या दगडी पाट्या या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आजही दिसतात. २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक शाळा सातारला निघाली ती याच परंपरेच्या जोरावर. मुख्यमंत्री तेव्हा कराडचे यशवंतराव चव्हाण होते, आणि दीड वर्षात तेच देशाचे संरक्षणमंत्री झाले. शाळेचा हेतू या मातीतली पोरे अधिकारी व्हावीत हा होता. काही झालीही. पण सैन्याची रचनाच अशी की एका अधिकाऱ्यामागे पंचवीस-तीस जवान आणि जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) असतात, आणि डोंगरी तालुक्याच्या वाट्याला ते पंचवीस-तीसच येतात. पाटणमधल्या बहुसंख्य माजी सैनिकांच्या दृष्टीने पुण्याच्या त्या हिरवळीचा संबंध एवढाच, की पहाऱ्यावर असताना त्यांनी कधी तिचे फाटक उघडले असेल.

क्लब समजायचा तर आधी मेस समजली पाहिजे, कारण क्लब म्हणजे निवृत्तीनंतरची मेस. अधिकारी पलटणीत रुजू झाला की तो आपोआप मेसचा सभासद होतो. त्याला विचारले जात नाही, दरमहा वर्गणी कापली जाते. बावीस-तेवीस वर्षांच्या नव्या लेफ्टनंटच्या गळ्यात लवकरच मेसचे एखादे काम पडते. कधी तो फूड मेंबर असतो, कधी वाइन मेंबर, कधी मेस सेक्रेटरी. सामान किती आले, किती खर्चले, कुणाचे बिल थकले, चांदीच्या ट्रॉफ्या मोजून ठेवल्या की नाही, हे सगळे त्याने लिहायचे, आणि मेस मीटिंगमध्ये सिनिअरांनी त्याला त्यावरून सोलायचे. थकलेले मेस बिल ही कर्जापेक्षा अब्रूची गोष्ट मानतात. बाहेरच्याला हे सगळे काटे-चमच्यांचे नखरे वाटतात. इंग्रजांचे नखरे त्यात आहेतच, नाही असे नाही. पण त्या नखऱ्यांच्या आड एक शिक्षण चालू असते: दहा-वीस माणसांनी वर्गणी काढून, नियम करून, वही ठेवून एक सामाईक वस्तू कशी चालवायची. वीस-तीस वर्षे हे शिक्षण घेतलेला माणूस निवृत्त झाल्यावर कुठेही गेला तरी संस्था चालवू शकतो. कुणी गृहसंकुलाचा अध्यक्ष होतो, कुणी शाळेच्या मंडळावर जातो. क्लब त्याची ही सवय मोडू देत नाही, आणि ती सवय असलेली शेकडो माणसे एका छपराखाली आणतो. पेन्शनचा नवा आदेश निघाला तर त्याचा अर्थ सांगणारा, पूर्वी हिशेब खात्याशी झगडलेला कुणीतरी शेजारच्या टेबलावर बसलेला असतो. नवरा वारला तर बाईला त्या छपराखालून बाहेर काढत नाहीत. तिचे कागद कुणाकडे न्यायचे हे तिला ठाऊक असते, कारण ती माणसे तिने वर्षानुवर्षे पाहिलेली असतात.

आता जवानाकडे पाहा. त्याचे जेवण लंगरमध्ये. तिथला हिशेब त्याला कुणी दाखवत नाही, कारण शिधा सरकारी, वर्गणीचा प्रश्नच नाही. साहेब आणि जवान एकत्र जेवतात ते बड्या खान्याला, आणि त्या दिवशीही खान्याची आखणी त्याच्याकडे नसते. तक्रार मांडायला दरबार असतो. दरबार ही खरोखर चांगली रीत आहे, कारण कमांडिंग ऑफिसरसमोर उभे राहून बोलायची मुभा तिथे शिपायाला मिळते. पण तिथे तो एकट्याने बोलतो आणि उत्तर वरून येते. चार जवानांनी मिळून एकच मागणी करायची ठरवली, तर तिला सैन्यात फार वाईट नाव आहे. हे नुसत्या रिवाजाचे नाही, कायद्याचे आहे. घटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करायची मुभा संसदेला दिली, आणि १९५० च्या लष्कर कायद्याच्या २१ व्या कलमाने संघटना करण्याचे त्यांचे स्वातंत्र्य आवळले. शिस्तीसाठी ते लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण परिणाम लक्षात घ्या. अधिकाऱ्यालाही तोच कायदा लागू असतो, मात्र मेसच्या रूपाने त्याला संस्था चालवण्याचा सराव त्याच काळात मिळतो. जेसीओंनाही त्यांची मेस असते. साध्या शिपायाला आणि नाईकाला मात्र विशीपासून चाळिशीच्या आसपासपर्यंत, म्हणजे माणूस चार लोकांत वागायला शिकतो त्याच वर्षांत, संघटित होऊ नको एवढेच शिकवले जाते. मग तो पेन्शन घेऊन ढेबेवाडी किंवा तारळ्याच्या खोऱ्यात परततो आणि आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो की त्याने तालुक्याची माजी सैनिक संघटना नमुनेदार चालवावी.

अशा संघटना ठिकठिकाणी आहेत. त्या काय करतात? १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ध्वजाला सलामी, ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी, कारगिल विजय दिवसाला हुतात्म्यांना अभिवादन, आणि मधल्या वेळात सत्कार. सत्काराला माझा विरोध नाही. नारळ आणि शाल स्वस्त आहेत आणि माणसाला बरे वाटते. पण सत्काराला वही लागत नाही, आणि वर्गणीही लागत नाही, कारण खर्च कुणीतरी पुढारी करतो. ज्याने खर्च केला त्याचा फोटो फलकावर येतो आणि निवडणूक आली की संघटनेचे दोन तुकडे होतात. याउलट ज्या कामासाठी माणूस अधिकाऱ्यांच्या क्लबात जातो ते काम पाटणमध्ये रोज पडून असते. पेन्शन आता ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन प्रणालीत गेली आहे. जुन्या पेन्शनरांची माहिती त्यात भरताना नावांचे घोटाळे झाले. पलटणीत असताना लग्नाची आणि मुलांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये व्हावी लागते. ती राहिली किंवा चुकली, तर नवरा असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे बाईचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, घरात हाक मारायचे तिसरे. पलटणीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात एक लिहिलेले, आधारवर दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडते ते याच तीन नावांपायी. हयातीचा दाखला दरवर्षी, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड, कँटीनचे कार्ड, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. प्रत्येक काम क्षुल्लक, आणि प्रत्येकासाठी एसटीने साताऱ्याची किंवा कराडची फेरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यात आहे आणि ते आपले काम करते. पण ते कार्यालय म्हणजे खिडकी. खिडकीपाशी कोणता कागद घेऊन उभे राहायचे हे सांगणारे माणूस खिडकीच्या अलीकडे लागते, आणि अधिकाऱ्याला ते क्लबात मिळते.

इथे कुणी म्हणेल की ही तुलनाच लटकी आहे. क्लब हा चैनीचा, वरच्या वर्गाचा, इंग्रजी अमदानीतला अवशेष. तो डोंगरात कशाला रुजेल? उत्तर पाटणच्याच दुसऱ्या वाटेवर आहे, मुंबईच्या. या खोऱ्यांतून मुंबईला गेलेल्या माणसांनी गिरणगावात आणि बंदराच्या कडेला जे उभे केले, ते क्लबाखेरीज दुसरे काय होते? चाळीतली एक खोली गावाच्या नावाने. तिच्यात गावचे पंधरा-वीस गडी, आळीपाळीने झोपायचे, ट्रंका भिंतीला लागून. ठरलेली वर्गणी, खानावळीचे पैसे, नव्याने आलेल्या पोराला काम लागेपर्यंत उधारी, कुणी आजारी पडला तर गावी पोचवायची जबाबदारी. वरती ग्रामस्थ मंडळ: त्याची घटना, त्याचा खजिनदार, सामाईक पैशातून घेतलेली जेवणाची भांडी, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा निधी. त्या मंडळाच्या सभेत हिशेबावरून जी भांडणे व्हायची, ती पुण्याच्या क्लबातल्या भांडणांपेक्षा रतीभरही कमी नव्हती. फक्त कुणी टाय घातलेला नसायचा. क्लब म्हणजे परक्या गावात आपल्याला ओळखणारी माणसे जिथे हमखास भेटतात ती जागा, असे मानले तर पाटणच्या हमालाने ती साहेबाइतकीच चांगली बांधली.

आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारपेठांतल्या पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना एकत्र केले. त्या वेळी माथाडीचा मालक कोण हेच ठरत नव्हते. माल एका व्यापाऱ्याचा, गाडी दुसऱ्याची, मजुरी मुकादमाच्या हातात. टोळी हीच काय ती त्याची संस्था. या टोळ्या बांधून, वाराईचे दर ठरवून, संप करून त्यांनी १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. कायद्याने मंडळे आली, मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची ठरले, आणि ज्याच्या हाती कधी पगारपत्रक नव्हते त्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा आणि दवाखाना मिळाला. पुढे या चळवळीत गट पडले, राजकारण शिरले, तेही खरेच. पण मंडळे राहिली. आता दोन भाऊ शेजारी उभे करा. एक फौजेत गेला, दुसरा मशीद बंदरला. फौजेतला जास्त शिकलेला, शिस्तीचा, देशभर हिंडलेला, हक्काच्या पेन्शनीचा. तरी संघटना बांधायची अक्कल दिसली ती ओझे वाहणाऱ्यात. याचे कारण स्वभावात शोधू नये. एकाला गावाच्या खोलीत वर्षानुवर्षे सराव मिळाला, दुसऱ्याला तेवढ्याच वर्षांत सराव करायची बंदी होती.

शिपायाला निवृत्तीनंतर हे जमणारच नाही असेही नाही. दापोलीच्या कँपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेन्शनीत निघालेले महार सैनिक राहत होते. त्यांच्यातलेच एक गोपाळबाबा वलंगकर. त्यांनी १८९० च्या सुमारास ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ काढली, आणि सरकारने महारांची सैन्यभरती बंद केल्यावर १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. अर्जाचा लगेच उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. पण शेजारी शेजारी राहणारे, वाचता-लिहिता येणारे, दरमहा थोडी बांधील रक्कम हाती येणारे निवृत्त शिपाई एका जागी असले की त्यातून काय निघू शकते याचा तो नमुना होता. त्याच दापोलीच्या वस्तीतून सुभेदार रामजी सकपाळ सातारला आले आणि त्यांचा मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत दाखल झाला. त्या मुलाचे नाव भीमराव. दापोलीचा कँप नसता तरी आंबेडकर घडले असते की नाही, असल्या प्रश्नांना अर्थ नाही. एवढे मात्र खरे की पलटणीतले शिक्षण वाया न घालवणारी वस्ती त्या घराच्या मागे होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो माजी अधिकाऱ्यांकडूनच येतो: जवानांचे वेगळे क्लब कशाला, सगळ्या हुद्द्यांचा एकच असू द्या, निदान जवानांनी आपल्यापासून फुटून निघू नये. ब्रिटनमध्ये १९२१ साली चार संघटना एकत्र येऊन ब्रिटिश लीजन झाली, त्यात एक अधिकाऱ्यांची होती. आणि लीजनची दारे सर्व हुद्द्यांना खुली राहिली. हे उदाहरण आकर्षक आहे. आपल्याकडेही त्याची चुणूक दिसते. बांगलादेश युद्धाच्या स्मरणार्थ दर डिसेंबरात कराडला जो विजय दिवस साजरा होतो, तो निवृत्त कर्नल संभाजी पाटील यांनी सुरू केला. लष्कराची प्रात्यक्षिके तालुक्याच्या गावात आणायची तर वरच्या ओळखी लागतात, आणि त्या अधिकाऱ्यालाच असतात. म्हणून अधिकाऱ्यांना दूर ठेवा असे मी म्हणणार नाही. पण हुद्द्याची सवय निवृत्तीने उतरत नाही. माजी सुभेदार समोर असला की माजी शिपाई अजूनही खुर्चीवरून उठतो, कर्नल असला तर बोलतच नाही. आणि हितसंबंधही नेहमी एक नसतात. ‘वन रँक वन पेन्शन’साठी २०१५ साली जंतरमंतरवर सगळे एकत्र बसले होते, २०२३ मध्ये त्याच जंतरमंतरवर जवान आणि जेसीओ, नव्या फेरतपासणीत अधिकाऱ्यांना झुकते माप मिळाले असे म्हणत, वेगळे बसले. त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते की नाही हा वेगळा विषय. पण ज्या सभेत साहेब अध्यक्षस्थानी आहेत त्या सभेत ते कधी बोलले गेले नसते. साहेबाने सल्लागार म्हणून यावे, सभासद म्हणूनही यावे. हिशेबाची वही मात्र नाईकाच्या हातात असावी. पहिली दोन वर्षे ती चुकेल. लेफ्टनंटचीही चुकायची.

क्लब म्हटला की तो दारूचा अड्डा होईल, हा आक्षेपही मी हलका मानत नाही. ऑस्ट्रेलियात माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा जवळजवळ प्रत्येक छोट्या गावात गेली, आणि तिच्या नावाचे क्लब पुढे बार आणि जुगाराच्या यंत्रांवर पोसले गेले. कित्येक ठिकाणी सैनिक उरला फक्त पाटीवर. आपल्याकडे कँटीनच्या बाटलीचा गावातला व्यवहार सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहायची गरज नाही. पाटणच्या बायका अशा जागेत पाऊल टाकणार नसतील तर ती जागा निरुपयोगी, कारण सर्वांत अडलेले कागद बायकांचेच आहेत. म्हणून तिथे चहाच असावा, आणि सभासदत्व नवऱ्याच्या नावावर न देता दोघांच्या नावे द्यावे, म्हणजे नवरा हयात असतानाच बाईचे नाव वहीत आणि कागदांवर एकसारखे लिहिले जाईल. उरला तो आक्षेप शेतकऱ्याचा: त्याला कोण क्लब देतो? कुणीच देत नाही, आणि सैनिकालाही देऊ नये. डिसेंबर २०२४ पासून राज्याचे माजी सैनिक कल्याण खाते पाटणचेच आमदार शंभूराज देसाई यांच्याकडे आहे, तेव्हा इमारत मागण्याचा मोह होईल. इमारत मिळालीच तर घ्यावी. पण इमारत आधी आणि वर्गणी नंतर अशा क्रमाने उभ्या राहिलेल्या सभागृहांची कुलपे तालुक्यातालुक्यात गंजलेली आहेत. एसटी स्टँडजवळची एक भाड्याची खोली, आठवडे बाजाराच्या दिवशी उघडी, एक संगणक, छापील अर्जांचा गठ्ठा, आणि पन्नास माणसांची महिन्याची वर्गणी, एवढ्याने सुरुवात होते. फोनवरचे गट हे काम करतात असे कुणी म्हणेल. ते बातमी पोचवतात खरे, पण खोटी आणि खरी एकाच वेगाने. अमुक तारखेला पेन्शन दुप्पट होणार हा निरोप दर महिन्याला फिरतो आणि तो खोटा आहे हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नसते. जिथे वही आहे तिथे सही आहे, आणि सही करणाऱ्याला दुसऱ्या बाजारी त्याच खुर्चीवर बसायचे असते.

या खोलीची गरज आता वाढणार आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परतणार. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. पंचविशीच्या आतबाहेरची ही पोरे मोरणेच्या आणि तारळीच्या खोऱ्यात परत येतील तेव्हा साताऱ्याच्या खिडकीपाशी त्यांच्यासाठी कोणता अर्ज असेल हे त्या वेळच्या आदेशांवर ठरेल. पाटणच्या त्या खोलीत त्यांचे नाव वहीत लिहायचे की नाही, हे मात्र खोलीतली पन्नास माणसे सभेत हात वर करून ठरवू शकतात.